फॉल तेवढे लावून दे

कोऱ्या साडीच्या खळीचा वास आला की मला तामसी गावाजवळच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. नवरीचा ब्लाउज शिवावा तर माझ्या आईनंच, असं गावात तिचं नाव होतं; पण शुगरमुळे तिची नजर कमी होत चालली होती. त्या दुपारी शेजारच्या काकू मुलीला घेऊन तिच्या लग्नाच्या साड्या द्यायला आल्या. त्या मुलीचं पहिलं झबलंसुद्धा आईनंच शिवलेलं. आईनं मापाची टेप गळ्यात अडकवली आणि नवरीला जवळ बोलावलं. काकू खाली बघत म्हणाल्या, "फॉल तेवढे लावून दे वो बाई. ब्लाउज आदिलाबादले शिवाले टाकले." आईनं गळ्यातली टेप काढून ठेवली आणि हसली. "बरं केलं. नवरीचं काम हाय, चांगलंच झालं पायजे." त्या गेल्यावर मी चिडून विचारलं, "तू काई काऊन नाई बोलली?" "मांगच्या खेपेले त्यायचा ब्लाउज मी बिघडवला होता," आई म्हणाली, "त्यायनं गावात कोनाले सांगतलं नाई." आणि तिनं सुई ओवायला माझ्याकडे दिली. आता कॉलेजात कामात चांगलं नाव कसं कमवावं ते शिकवतात. मी सगळं लिहून घेते. कमावलेलं नाव जायला लागलं की काय करायचं, हे विचारायला मात्र माझा हात वर होत नाही.