मुलतानची सात पत्रं

धुरपताबाईचा संसार झाला नाचणगावात, पण अर्धा जीव तिचा कायम मुलतानात. पुलगावच्या पुढे मात्र ती कधी गेली नाही.

तिचे आजेसासरे रामाजी शंभर वर्षांपूर्वी कंपनीच्या पलटणीतून मुलतानच्या वेढ्याला गेले होते. तिथून त्यांनी कारकुनाकडून लिहवून धाडलेली सात पत्रं देव्हाऱ्यात असत. मोडी घरात कोणालाच वाचता येईना, म्हणून सगळ्यांनी त्यांची पूजाच सुरू केली. दर दसऱ्याला हळदकुंकू. कापूस वेचता वेचता धुरपताबाईचे हात थांबत आणि तिला पांढरा किल्ला दिसे, पांढरा घोडा दिसे, घोड्यावर रामाजी.

छप्पनच्या दसऱ्याला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन तिचा लेक लहानू दुसऱ्या दिवशी घरी आला. त्यानं घरातले देव नदीत सोडायला टोपलीत भरले. वर पत्रंही ठेवली.

"लहानू, ते काऊन?"

"माय, हळद लागली तो देव. देव नदीत."

"अन् पत्रात नुसता मानूस निघाला तं?"

"तं ठेवजो."

तिनं लगोलग मधुकररावांना बोलावलं. म्हातारे पटवारी, मोडी जाणणारे. अंगणातल्या खाटेवर बसून त्यांनी पहिलं पत्र उन्हात धरलं.

"धुरपताबाई, अर्धी अक्षरं तं तुमच्या हळदीनंच खाल्ली!" मग ते अडखळत वाचू लागले. "'खंदक खणतो आहे. घोडा साहेबास, मजला फावडे.'"

"घे माय, तुहा घोडा!" लहानू खो खो हसला.

"'तटापलीकडे पहाटे कोणी बाई दळते, गाते. बोली समजत नाही. आम्ही फावडी थांबवून ऐकतो. काल ती गायली नाही. कोणास भाकर गेली नाही.'"

धुरपताबाईचा पांढरा किल्ला विरघळला. त्याच्या जागी मातीचा तट उभा राहिला आणि पलीकडून जात्याची घरघर येऊ लागली. आपण तटाच्या कोणत्या अंगाला आहोत, तिला कळेना.

"मंग? गायली का ती?"

"दुसरं पत्र पाहा लागन."

लहानूनं टोपलीतली सहा पत्रं काढून खाटेवर ठेवली. "देवाची भाकर अशी अडत नाई. मानूसच हाये हा." टोपली डोक्यावर घेऊन तो निघाला, कुंपणापाशी थबकला.

"मधुकरराव, मी येईस्तोवर पुढचं वाचजा नका. माय, तूही आइकजो नको!"

पण माय कुठे होती तिथे? डोळे मिटून, मान कलती करून ती तटाला कान लावून बसली होती.