हातोडा बंद करणारे साहेबमामा

साहेबमामांचा राग शिळा व्हायचा नाही. यवतच्या स्टँडवर एका ड्रायव्हरने म्हातारीला न घेताच एसटी हाकली, तर पुढच्या ईदला शिरखुर्म्याची वाटी त्याच्या हातात देताना मामांनी विचारलं, "म्हातारी पोचली का रं दौंडला?"

मामा इंजिनिअर. दोन हजार सालानंतर कोकणात एका बंदराच्या कामावर होते. गावचा म्हणून मलाही त्यांनी सर्व्हेला लावून घेतलं. समुद्राच्या तळात लोखंडी खांब ठोकायचे. हातोडा पडला की जेटीवर उभ्या माणसाच्या दातांत कळ जायची. पाण्याखाली तो आवाज फार लांब पोचतो, आणि डॉल्फिनचं सगळं जगणं कानांवर. म्हणून परवानगीतच अट होती : ठोकण्याआधी पाणी न्याहाळा, डॉल्फिन जवळ दिसले तर थांबा, सुरुवात हलक्या ठोक्यांनी करा.

मॅनेजर हसायचे. "मासे आहेत, जातील पळून."

"मासे न्हाईत ते!" चिडले की मामांची पुण्यात शिकलेली भाषा गळून पडायची. "श्वासाला वर येत्यात, पिलाला दूध पाजत्यात. पिलू टाकून आई पळंल व्हय?"

एका सकाळी खाडीच्या तोंडाशी मादी दिसली, अंगाला चिकटलेलं पिलू. मामांनी काम थांबवलं. मॅनेजरनी फोनवरून पुन्हा सुरू करायला लावलं. मामा हातोड्याच्या तराफ्यावर चढले, त्याच्या इंजिनाची किल्ली काढली आणि समुद्रात भिरकावली. "मारा आता हातोडा!"

दुसरी किल्ली येईपर्यंत मायलेकरं ओहोटीबरोबर बाहेर निघून गेली. संध्याकाळी मामांना कामावरून काढलं.

मग हातोड्याला कुणाची आडकाठी राहिली नाही. काही आठवड्यांनी किनाऱ्याला मेलेलं पिलू लागलं. तेच होतं का, कशाने मेलं, कोण सांगणार? कुणी तपासायच्या आत साइटवरच्या जेसीबीने खड्डा काढून ते पुरलंसुद्धा. वर म्हणे, बोटीची धडक बसली! मी बूथवरून यवतला फोन केला. दुसऱ्या दिवशी मामा ओळखीतले शिरूरचे जनावरांचे डॉक्टर घेऊन हजर. वनखात्याच्या माणसासमोर त्यांनी खड्डा उकरायला लावला.

डॉक्टरांनी नाकावरचा रुमाल काढला. "फार कुजलंय, साहेब. आता काही कळायचं नाही."

"म्हंजी एवढ्यासाठीच घाई केली," मामा म्हणाले.

त्यांनी तक्रार लावून धरली, हेलपाटे घातले. अखेर पाण्यावर नजर ठेवायला वेगळा माणूस नेमावा लागला. त्याने हात वर केला की हातोडा थांबायचा. मामांना मात्र पुन्हा कुठल्याही बंदरावर कुणी उभं केलं नाही. समुद्रात खांब रोवणाऱ्या माणसाने उरलेली वर्षं गावाकडे भांडगावच्या बाजूला गोदामांचे पाये भरत काढली.

मामा गेल्याचं कळल्यावर त्या मॅनेजरांचा मला फोन आला. "माणूस चांगला होता हो. जरा तापट, एवढंच."

मी म्हणालो, "साहेब, ते पिलू एवढ्या घाईने का पुरलंत?"

पलीकडून फोन कट झाला.