लांब्याला चौतीस पत्रं

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला आमच्या शाळेत सगळे मशीनकाका म्हणत. उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली: भिंतीला लागून उघडी पडलेली यंत्रं, टेबलावर तेलाची कुपी, सुयांची डबी आणि एकच स्टूल. गिऱ्हाइकानं उभं राहायचं. लग्न केलं नव्हतं. का नाही, असं मी आगाऊपणे एकदा विचारलं होतं. "राहून गेलं," म्हणाले, आणि पुन्हा यंत्रात डोकं घातलं.

चौथीला युद्धाचा पाठ असतो. दीड पानाचा, त्यातलं अर्धं पान चित्र. सनावळ्या घोकून पोरांना युद्ध कळतं असं ज्यांना वाटतं, त्यांना मी कोपरापासून हात जोडते. म्हणून दरवर्षी लढाईवर जाऊन आलेल्या कुणाला तरी मी वर्गात बोलवायची. बाकीचे एकदा आले, छाती फुगवून बोलले, गेले. मशीनकाका अकरा वर्षं येत राहिले.

पहिल्या वर्षी मीच त्यांना ताकीद दिली होती. रक्त नको, आणि गोष्टीत कुणी मरायला नको. लहान मुलं आहेत, घरून तक्रारी येतात. इतकी वर्षं शिकवून माणसाला दुसऱ्यालाही शिस्त लावायची खोड लागते. त्यांनी नुसती मान हलवली.

त्यांची गोष्ट ठरलेली. एकोणीस वर्षांचे असताना ते पलटणीत टेलिफोनची तार टाकायच्या कामावर होते. तारेचं जड रीळ एका दांड्यात ओवायचं, दोघांनी दोन टोकं धरून चालायचं, मागे तार उलगडत जायची. दुसऱ्या टोकाला त्यांचा मित्र, लांब्या. तो इतका उंच की रीळ घसरत घसरत काकांच्याच अंगावर यायचं. मग लांब्या गुडघे वाकवून, बदकासारखा चालायचा, म्हणजे ओझं मधोमध राहील. झोपला की त्याचे पाय तंबूबाहेर, आणि सकाळी त्यावर कुणीतरी ओले मोजे वाळत घातलेले. हे सांगताना काका झाडूच्या दांड्यात पाण्याची बादली अडकवून दोन पोरांना वर्गभर चालवायचे. पोरं हसून हसून बेजार. फरशी मला पुसावी लागायची.

शेवटी एक प्रश्न हटकून यायचा: लांब्या आता काय करतो? पहिल्या वर्षी काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, त्याचं दुकान आहे, बरं चाललंय. पुढच्या वर्षी लांब्याचं लग्न झालं. मग मुलगी झाली, मग दुसरी. मोठी बापासारखी ताडमाड, धाकटी हट्टी. मी मागच्या बाकावर वह्या तपासत ऐकायची. मला सगळं खरं वाटायचं.

यंदा मी शहाणपणा केला. भाषेच्या विषयात पत्रलेखन होतंच. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. वर्गाकडून लांब्याला चौतीस पत्रं लिहून घेतली, सुतळीनं बांधली आणि दुकानात नेऊन दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काकांनी फडक्याला हात पुसले आणि वरचं पत्र उघडलं. ते दुसऱ्या बाकावरच्या, कायम नाक ओढणाऱ्या मुलीचं होतं. "लांब्याकाका, तुमचे पाय आता पलंगावर मावतात का? माझ्या बाबांचे मावत नाहीत. आई त्यांना खुर्ची लावून देते."

त्यांनी ते दोनदा वाचलं.

"बाई, हे मी कुठं नेऊन देऊ?"

पत्ता नसेल तर भेटाल तेव्हा द्या, असं मी म्हणाले. तेव्हा त्यांनी सांगितलं.

"तो तिथंच गेला, बाई. तार टाकताना. रीळ एकदम माझ्या अंगावर आलं, मला वाटलं चेष्टा करतोय. आम्हाला लगेच पुढं निघायचं होतं. खड्डा खणला तो सगळ्यांच्या मापाचा. त्यात तो मावेना. मग मी त्याचे गुडघे वाकवले. हातभर अजून खणायला हवं होतं. तेवढं राहून गेलं."

दुकान, बायको, मुली? मी कसंबसं विचारलं.

"तुम्हीच म्हणाला होतात, कुणी मरायला नको. मला ते बरं वाटलं. वर्षातून एक दिवस तो असायचा."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी म्हणाले, लांब्या दूर कुठे राहायला गेला असं मुलांना सांगते. त्यांनी नको म्हटलं. मुलांनी मनापासून लिहिलंय, त्यांना अजून फसवणार नाही. मीच येऊन सांगतो. इतक्या वर्षांनी त्यांना आपल्या मित्राला दुसऱ्यांदा मातीत ठेवायचं होतं, आणि तेही माझ्या वर्गात.

शुक्रवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. हातात पत्रांचा गठ्ठा. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"लांब्या नाही. तो त्याच दिवशी गेला, लढाईत. पुढचं सगळं मी तुम्हाला खोटं सांगितलं."

मग खिडकीजवळून कुणीतरी विचारलं, "मग त्यांच्या मुली कुठे गेल्या?"

"त्या झाल्याच नाहीत."

"दोघीही?"

"दोघीही."

त्यावर पहिला हुंदका आला, आणि मग वर्गच रडायला लागला. कधीच जन्माला न आलेल्या दोन मुलींसाठी चौथीतली पोरं रडत होती आणि मला त्यांना गप्प करायचा धीर होईना. इतकी वर्षं मी हा पाठ शिकवला, पण असं काही त्यातून कधी कुणाला कळलं नव्हतं.

मग ती नाक ओढणारी मुलगी उभी राहिली. डोळे पुसून तिनं विचारलं, "पण आता त्यांचे पाय बाहेर राहत नाहीत ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या खड्ड्याचं वर्गात फक्त मला माहीत होतं.

"नाही बाळा. ऐसपैस जागा आहे त्याला."

तिचं समाधान झालं, ती खाली बसली. मी फळ्याकडे वळले आणि तारीख पुसायला लागले. ती मी नुकतीच लिहिली होती.