हातसुद्धा आमचेच

रियाधमधल्या अल मलाझ भागात राहून ताजुन्निसा मुकादमने अठरा वर्षं लग्नांचं शूटिंग केलं आणि स्वतःजवळ त्यातलं एक मिनिटही ठेवलं नाही. तिथला रिवाजच तसा. बायकांच्या हॉलमध्ये पुरुष कॅमेरावाला चालत नाही. दारावरची बाई पाहुणींचे फोनसुद्धा काढून घेते. आत कॅमेरा एकटीचा, ताजुन्निसाचा. लग्न आटोपलं की सगळं चित्रण नवरीच्या आईच्या हवाली करायचं आणि विसरायचं.

२०१६ साली मोबाइलच्या दुकानांत फक्त सौदी माणसं ठेवायचा हुकूम निघाला आणि तिचा नवरा नसरुद्दीन घरी बसला. तिचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, त्याच्याच इकाम्यावर. दोन महिन्यांत गाशा गुंडाळायचा होता.

"चल, हर्णैला जाऊन ताजी मासळी खाऊ."

"तुम्ही खावा. मला आधी माझा पिक्चर करायचाय."

"कसला गो पिक्चर?"

"माझा स्वतःचा. रत्नागिरीच्या लघुपट स्पर्धेत धाडायला. इतकी वर्षं काय केलंस विचारलं, तर दाखवू काय? कपाळ?"

तिने उम्म बंदरला गाठलं. या बाईच्या तीन मुलींची लग्नं तिनेच टिपली होती. चौथीचं तोंडावर होतं. चेहरे घेणार नाही, फक्त हात घेईन, असं तिने सांगितलं. उम्म बंदर कबूल झाली, पण आधी मला दाखव म्हणाली.

बारा मिनिटांचा पिक्चर झाला. कहवा ओतणारे हात, मेंदीचे हात, धूपदाणी फिरवणारे हात. दिवाणखान्यात बसून उम्म बंदर पाहू लागली.

"ये नूरा. ये मेरा बहन. ये... अरे, ये तो मेरा अम्मा!"

दोन मिनिटांत तिने सगळं खानदान ओळखलं. इतकी वर्षं या बायकांत वावरून ताजुन्निसा पडदा फक्त चेहऱ्याचा समजून बसली होती!

"ताज, हाथ भी हमारा है. निकालो."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिने तिथेच लॅपटॉपवर पिक्चरमधले सगळे हात काढून टाकले. उरले फक्त हुलकाऱ्यांचे आवाज, लग्नात बायका आनंदाने जीभ हलवून एकत्र काढतात ते.

"और ये?" ताजुन्निसाने विचारलं.

उम्म बंदरने डोळे मिटून ऐकलं. "इसमें सब एक साथ है. कौन किसका बोलेगा? खलास, ले जाओ."

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्नाचा तोच हॉल सफाईसाठी उघडला होता. ताजुन्निसा कॅमेरा कमरेशी धरून, पाण्यातून चालावं तशी चालत राहिली. ओल्या फरशीत झुंबरं उलटी तरंगत होती. सोनेरी खुर्च्या एकमेकींकडे झुकलेल्या, जणू त्यांचं काही तरी खाजगी चाललंय. पडद्यांतून धुपाचा वास अजून गेला नव्हता. तोही टिपता येईल असं तिला क्षणभर खरंच वाटलं. त्या रिकाम्या हॉलच्या चित्रणावर तिने ते हुलकारे सोडले. लाटेसारखे आले, छताला लागले, विरले, पुन्हा आले.

स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं कुणाला मिळालं ते तिला आठवत नाही, तिने पाहिलंही नाही. रत्नागिरीला पिक्चर दाखवला तेव्हा नसरुद्दीन शेजारी बसून आ वासून बघत होता. बायकोला रियाधच्या एकूण एक हॉलवर सोडणारा हा माणूस एकदाही फाटकाच्या आत गेला नव्हता.

"ताजू, आत हे असं असायचं?"

"गप बसा," ती म्हणाली. "अजून चार मिनिटं आहेत."