अल्कोहोलचा धडा

“अल्कोहोल हे आडनाव आहे. आडनावावरून कुणाला जोखायचं नसतं,” असं म्हणून रसायनशास्त्राच्या बाई खडूचे हात झटकायच्या. शिरूरला खोली शोधताना त्यांना स्वतःचं आडनाव किती दारांत सांगावं लागलं होतं, ते मला ठाऊक होतं. सत्तरच्या दशकात मी शिरूरला त्यांच्याच शाळेत मराठी शिकवत असे. अशा एखाद्या बाई तुमच्याही पाहण्यात असतील.

फळ्यावर ‘अल्कोहोल’ उमटलं की अकरावीची पोरं खिदळत. बाई हसू ओसरू देत. “दारूत असतं ते इथिल. मिथिल त्याचा भाऊ, पण पोटात गेला तर डोळे घेतो. थंडीत ओठांना लावता ते ग्लिसरीनही याच कुळातलं.”

वर्गात एका सुताराची मुलगी होती. बाप पॉलिशचं स्पिरिट पाणी घालून पीत असे. हा धडा झाला त्या संध्याकाळी तिनं बाटली गटारात ओतली. दुसऱ्या दिवशी सुतार शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभा.

“बाई, शाळंत दारू शिकवता व्हय?”

“शब्दाचा अर्थ शिकवते, मामा. तुमच्या बाटलीत मिथिल मिसळलेलं असतं.”

“अल्कोहोलच हाय की त्ये.”

“नाव एक, गुण एक नाही. डोळे गेल्यावर रंधा कसा माराल?”

तो तणतणत थेट संस्थेच्या अध्यक्षांकडे गेला. त्यांनी बाईंना बोलावून समजुतीनं सांगितलं, “एवढा धडा गाळा. गावात चर्चा नको.”

“मला काढा हवं तर,” बाई म्हणाल्या. “धडा गाळणार नाही.”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी खिडक्या उघड्या टाकून तोच धडा पुन्हा घेतला, चढ्या आवाजात. सुतार बाहेर लिंबाखाली उभा राहून ऐकत होता. तास सुटल्यावर हळूच म्हणाला, “उकळल्यावर जातं का वो त्ये मिथिल?”

“पुरतं जात नाही, मामा.”

त्यानं दारू सोडली नाही. स्पिरिट मात्र सोडलं.

दिवाळीनंतर बाईंची बदली संस्थेच्या दौंडच्या शाळेत झाली. मी म्हटलं, अर्ज करून बघा. “कशाला? दौंडच्या पोरांना डोळे नाहीत का?” म्हणाल्या, आणि ट्रंक उचलून यष्टीत चढल्या.

नवे सर आले. मी शेजारच्या वर्गात होतो. मधल्या पार्टिशनमधून त्यांचा आवाज आला, “अल्कोहोलच्या धड्यावर काट मारा.”

बाक करकरला. सुताराची पोरगी उठली असावी.

“न्हाई मारायची, सर.”

मी कान देऊन ऐकलं. एकाही पुस्तकाचं पान वाजलं नाही.