पांढऱ्या अक्षरांचे टायर

आधी माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. कॉलेजात गेलेला आमच्याकडचा मी पहिला, आणि तोही इंजिनिअरिंगला, त्यामुळे चार पानं सलग मराठी लिहायची वेळ दहावीनंतर आलीच नव्हती. शिवाय लिहितोय ते दुसऱ्याच्या गाडीच्या टायरांबद्दल. यात सांगण्यासारखं काय आहे, असं कोणी विचारलं तर मला नीट उत्तर देता येणार नाही. पण त्या दिवसांतलं बाकी सगळं पुसट झालंय, टायर तेवढे आठवतात. म्हणून तेच लिहितो.

माझ्या वडिलांचं, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, कराडजवळ हायवेला टायर रिमोल्डिंगचं दुकान आहे. ट्रकचे गोटा झालेले टायर घासायचे, त्यांच्यावर नवीन रबर चढवायचं आणि भट्टीत शिजवायचं. मी शिकायला सिंगापूरला आलो, त्याच्या पुढच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू हलायला लागले, पण बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, शब्द तेवढे बाहेर येत नाहीत. पुढे येतील किंवा येणार नाहीत, आत्ता सांगता येत नाही. मी निघतो म्हणालो तर आई म्हणाली, तू येऊन काय करणार, इथं बसून त्यांच्याकडं बघायला आम्ही आहोत. मी राहिलो.

हौगांगमधल्या एका फ्लॅटमध्ये मी खोली घेऊन राहत होतो. सकाळी बस, मग एमआरटी म्हणजे इथली मेट्रो, लेक्चर, कॅन्टीन, पुन्हा एमआरटी. वाईट वाटतं का, असं कोणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं कुणास ठाऊक. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर ओठ जसा होतो, आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं काहीतरी होतं.

ताई रोज संध्याकाळी फोन लावून अण्णांच्या कानाशी धरायची. तिथल्या थेरपीच्या बाईंनी सांगितलं होतं की त्यांच्याशी बोलत राहा, त्यांच्या माहितीतल्या गोष्टी बोला, आणि मधे मधे थांबा, म्हणजे त्यांना उत्तर द्यावंसं वाटेल. आता अण्णा आणि मी आधीसुद्धा फोनवर फार बोलायचो असं नाही. जेवलास का, जेवलो, बरं ठेव. एवढंच. आता दोन्ही बाजूंचं मलाच बोलायचं होतं. मी हवा सांगायचो, जेवण सांगायचो, मग थांबायचो. तिकडून श्वास ऐकू यायचा आणि हायवेवरच्या गाड्या.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत जेवताना शेजारच्या पानावर एक काका बसले होते. पूर्वी बोटीवर इंजिनिअर होते, आता हार्बरफ्रंटला शिपिंगच्या ऑफिसात, घर बुकित तिमाहला. वडील काय करतात म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी टायर असं म्हणताच त्यांनी हातातला मोदक खाली ठेवला. रविवारी घरी ये म्हणाले, तुझ्याकडे काम आहे. मला ट्रकच्या टायरांपलीकडचं काही कळत नाही, असं मी सांगून पाहिलं. त्यांना तो विनय वाटला.

त्यांची गाडी ऑस्ट्रेलियात बनलेली होती. दोन दारांची, नारिंगी, लांब नाकाची, आठ सिलिंडरची. अण्णा शाळेत होते तेव्हाची. साध्या गाडीत ट्रकला शोभेल असं इंजिन बसवलं की तिला मसल कार म्हणतात, असं काकांनी मला समजावलं. पहिल्याच सफरीत तिकडच्या बंदराबाहेर त्यांनी अशी एक उभी पाहिली होती, काळ्या टायरांवर उठावाची पांढरी अक्षरं असलेली, आणि तेव्हापासून ती त्यांच्या डोक्यात होती. इथे अशा जुन्या गाड्या वर्षातून मोजकेच दिवस रस्त्यावर काढता येतात. काकू म्हणाल्या, “आमच्याकडे ती जावयासारखी आहे. येते क्वचित, पण सगळं घर तिच्या तयारीत असतं.”

मी खाली वाकून टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. कितव्या आठवड्यात आणि कुठल्या वर्षी टायर बनला ते त्यात असतं. अण्णांनी दुकानात हे एक मला शिकवलं होतं, बाकी मी तिथे चहा आणण्यापलीकडे फारसं केलेलं नाही. टायर फारच जुने निघाले. नक्षीच्या खाचांमध्ये बारीक चिरा होत्या. मी ते सांगितलं आणि काकांची खात्री पटली की योग्य माणूस सापडला.

त्यानंतर आमचे बरेच शनिवार त्यात गेले. इथल्या टायरवाल्यांकडे चौदा इंची रिमचा जाड कडांचा टायर मिळत नाही. एक चिनी अंकल तर गाडीभोवती दोनदा फिरले, मोठ्या प्रेमाने बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, “फोर्टीन इंच वेअर गॉट? चेंज रिम लाह.” काका म्हणाले, रिम बदलायची तर गाडीच का नको बदलायला. अंकल म्हणाले, दॅट ऑल्सो कॅन.

संध्याकाळी मी हे अण्णांना सांगितलं. सांगताना लक्षात आलं की माझ्याकडे बोलायला काहीतरी आहे. मग मी रोज टायरच सांगायला लागलो. त्या काळी मापात आकड्यांच्या आधी एक अक्षर असायचं, ते आजच्या मापात बसवायला कसं कोष्टक बघावं लागतं. काही कंपन्या जुने साचे सांभाळून आहेत आणि त्यातून आज नवीन टायर काढतात, बाहेरून जुना, आतून आजच्यासारखा रेडियल. अण्णा, तुम्ही जुना टायर नवा करता, हे लोक नवा टायर जुना करतात, असं मी म्हणालो आणि थांबलो. श्वास ऐकू आला. ताई म्हणाली, ऐकतायत, बोल.

मधे पलीकडे मलेशियात, जोहोरच्या एका माणसाकडे अस्सल त्या काळातले टायर मिळाले, कधी न वापरलेले. फोटोत अक्षरं दुधासारखी दिसत होती. काका लगेच घ्यायला निघाले. मला त्यांना नाही म्हणायचं होतं आणि ते जमत नव्हतं. चहा संपला, काकूंनी दुसरा आणला, तोही संपत आला तेव्हा मी म्हणालो, “काका, हे बघायला ठेवता येतील. चालवायला नाही.”

“न वापरलेले आहेत अरे.”

“हो. पण रबर नुसतं पडूनही म्हातारं होतं.”

काकांनी फोटो मोठा करून अक्षरं पुन्हा पाहिली. काकू म्हणाल्या, “ऐका त्याचं. शेजारच्या सीटवर मी बसते.”

शेवटी ऑस्ट्रेलियातल्याच एका पुरवठादाराकडे जुन्या साच्यातले नवीन टायर सापडले आणि ते बोटीने आले. अक्षरांवर निळा रंग फासलेला होता. काकांचा चेहरा पडला. तो फक्त वाटेत अक्षरं मळू नयेत म्हणून दिलेला थर असतो, साबणाच्या पाण्याने निघतो, हे मी वाचलं होतं. टायर चढवून गाडी घरी आणली आणि आम्ही दोघांनी ब्रश घेऊन चारही चाकं धुतली. खालून अक्षरं निघाली. काका उकिडवे बसून बघत होते. मला त्या वेळी आनंद व्हायला हवा होता. झाला असेल, पण पोचला नाही.

तेवढ्यात काकू ताट घेऊन आल्या. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि प्रत्येक टायरला, मधोमध, नेमकं पांढऱ्या अक्षरांवर, हळदीकुंकवाची बोटं ओढली. काका “अगं” म्हणाले तोवर चौथा टायर झाला होता. पूजा झाल्याशिवाय पुसता येईना, आणि पूजा झाल्यावर लगेच पुसणंही बरं दिसेना. संध्याकाळपर्यंत हळद रबरात मुरली. मग काकांनी साबण लावला, आणि साबणाने हळदीचं जे होतं ते झालं. अक्षरं लाल झाली.

“डाग बोटीवर मी डिझेलने काढायचो,” काका म्हणाले.

“अहो, काही लावू नका आता,” काकू म्हणाल्या. “उन्हात ठेवा. हळद उन्हाने उडते. माझ्या साड्यांची नाही का उडत?”

“साडी चौदा इंची नसते.”

“मग उद्यापासून तुम्ही साड्या वाळत घाला, मी गाडी बघते.”

तर गाडी दारात उन्हात उभी राहिली. सकाळी एका बाजूचे टायर उन्हात, दुपारी काका ऑफिसातून फोन करून काकूंना सांगायचे, आणि काकू धाकट्या मुलीला, की घराची सावली आली असेल, जरा मागे-पुढे करून दुसरी बाजू उन्हात आण. मुलगी म्हणायची, “ममा, इट्स अ कार, नॉट पापड लाह.” रोज चारच्या सुमाराला पाऊस यायचा आणि ताडपत्री घालायला सगळे पळायचे. लाल गेलं, मग पिवळं फिकं होत गेलं.

हे सगळं मी एका संध्याकाळी अण्णांना सविस्तर सांगितलं. हळद, साबण, पापड, ताडपत्री. सांगून झाल्यावर नेहमीसारखा थांबलो. तिकडे काहीतरी खडखड झाली आणि फोन कट झाला. परत लावला तर लागला नाही. नंतर ताईचा मेसेज आला, अण्णा दमलेत, उद्या बोलू.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, अण्णा झोपलेत. त्याच्या पुढच्या दिवशीही झोपले होते. मग मी फोन लावला की ती बाहेरच्या खोलीतून बोलायची, घाईत, आणि अण्णांकडे दे म्हटलं की विषय बदलायची. आई फोनवर येतच नव्हती. आमच्या भागात असं वागणं कशासाठी असतं ते मला माहीत आहे. माझा चुलतभाऊ पुण्याला हॉस्टेलवर होता तेव्हा त्याचे आईकडचे आजोबा गेल्याचं त्याला परीक्षा संपल्यावर सांगितलं होतं. मी सरळ विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मी लेक्चरला जात राहिलो, नोट्स उतरवल्या, हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये रोज त्याच टेबलावर जेवलो. काकांनी फोन करून सांगितलं की अक्षरं पुन्हा पांढरी झाली, रविवारी ये, चक्कर मारू. मी हो म्हणालो. त्यांनी वडील कसे आहेत विचारलं. झोपलेत, असं मी म्हणालो.

शनिवारी खोलीत कपड्यांच्या घड्या करत होतो तेव्हा ताईचा फोन आला. तिने आधी सांगितलं की ओरडू नकोस. मी म्हणालो, सांग.

“अण्णा बोलले.”

मी हातातल्या शर्टाची घडी केली आणि तो ठेवला. कधी, असं विचारलं.

“तू ते हळदीचं सांगत होतास ना, तेव्हाच. तू थांबलास, आणि अण्णा एकदम म्हणाले, ‘येड्याचा बाजार.’ चांगलं मोठ्यानं. आई भाकरी टाकून पळत आली, फोन माझ्या हातातनं घेतला आणि बंदच केला. म्हणाली, कुणाला सांगायचं नाही, त्याला पण नाही. दृष्ट लागते. अमावास्या होऊन जाऊ दे, मग सांगा. अण्णांना पण तिनं गप्प बसवलं. तुझा फोन आला की ती त्यांच्या तोंडावर हात ठेवून बसायची.”

“अजून काही बोलले?”

“थोडं थोडं बोलतात. पाणी मागतात. काल आईला शिवी दिली.” ताई रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. “काल झाली अमावास्या.”

मी म्हणालो, दे त्यांच्याकडे.

“आत्ता झोपलेत,” ताई म्हणाली. “आत्ता खरंच झोपलेत.”