मेंढरांपाशी राहिलेलं मत

पीएच.डी.चा विषय समितीपुढे मांडायचा दिवस. सोलापूरच्या आमच्या विभागाबाहेरच्या बाकावर आम्ही तिघं राज्यशास्त्रवाले घाम पुसत बसलो होतो. एक यंत्रमागावर काम करणाऱ्या तेलुगू घरातला. त्याचा विषय कामगार संघटना. दुसरी अक्कलकोटची, घरी कानडी, शाळेत मराठी. सीमेवरच्या गावांत प्रचार कुठल्या भाषेत चालतो, ते तिला शोधायचं होतं. मी सांगोल्याकडची, मेंढपाळाच्या घरातली. "तुझा विषय चार पायांवर चालतो," म्हणून दोघांनी माझी टर उडवली.

आमची माणसं कित्येक महिने मेंढरं घेऊन परमुलखात असतात. गावची निवडणूक आली की उमेदवार जीप धाडतो, सगळे मतदानाला जातात. पण कळपापाशी कुणाला तरी राहावंच लागतं. कोण राहणार, हे कोण ठरवतं? एवढंच मला शोधायचं होतं. विषय नाकारला गेला तर शिक्षण तिथंच संपणार होतं. घरी लग्नाची बोलणी सुरू झालीच होती.

आत एका सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे समाजशास्त्र झालं. यात राज्यशास्त्र कुठंय?"

माझं डोकंच तापलं. पाठ केलेली इंग्रजी वाक्यं गेली उडत. "सर, मतदार यादीत माझ्या आईचं नाव आहे. तिला कुणी अडवलं नाही, धमकावलं नाही. तरी ती एकदाही मत द्यायला गेलेली नाही. दर वेळी जीप भरली आणि ती मेंढरांपाशी राहिली. हे राज्यशास्त्र नाही तर काय आहे?"

मग प्रश्नांची जी सरबत्ती झाली, ती मला फार आवडली. विषय मंजूर झाला!

मी धावतच बाहेर आले, नाचायचंच बाकी होतं. आईला फोन लावला. मोडनिंबजवळ कुणाच्या तरी रानात त्यांनी मेंढरं बसवली होती.

"आये, झालं! तुज्यावर लिवायचंय मला!"

"माज्यावर? म्या काय केलंय गं?"

"तू मत द्यायला गेली न्हाईस, ते."

ती लई हसली. मग म्हणाली, "मंग म्या कुणाला दिलं असतं, ते बी लिव की. कुणी इचारलंच न्हाय."

"कुणाला दिलं असतंस?"

ती सांगत सुटली, एकेका निवडणुकीचं, कारणांसकट. आमच्या घरानं जीपमधून जाऊन ज्यांना ज्यांना निवडून आणलं, त्यांतल्या एकालाही तिनं मत दिलं नसतं.